सात नंबरचं मशीन

कुणी विचारलं, ‘ह’ कुठे असतो कीबोर्डवर,
तर मला सांगता येत नाही.
मांडीवर बोटं ठेवावी लागतात,
‘हळद’ लिहून बघावं लागतं,
मग डाव्या हाताची तर्जनी जराशी आत सरकते
आणि मी म्हणते, इथे.

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या गोदामावर,
पत्र्याखाली अकरा मशीनं.
भूकंपाच्या आदल्या वर्षी मी तिथे गेले,
दोन वेण्या आणि महिन्याचे साठ रुपये घेऊन.
खालून हळद उडायची, शिफ्टच्या कळीवर पिवळा थर.
मोईज सर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे.
‘देखनेका नै बेटा. हात को याद होने दे.’

पहिले पंधरा दिवस फक्त क, र, स, य
आणि मधे अधांतरी वेलांट्या.
पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची,
टेकायला अजून काही नसताना.
मला ते फार आवडायचं. का, ते कळायचं नाही.

अठ्ठावीस शब्दांवर मी अडकले.
तीन आठवडे.
विचार केला की बोटं एकमेकांच्या पायात येऊन पडायची.
सर म्हणाले, घरी जा, झोप.
बाकीच्या हसल्या.
गेले, झोपले, सकाळी आले तर बत्तीस!
रात्रीत कोण बसलं होतं माझ्या हातांशी?
आईला विचारलं. ती म्हणाली,
झोपेत गोधडी खाजवत होतीस नुसती.

मला मिळायचं सात नंबरचं.
त्याचा ‘य’ जड.
करंगळीत कसला आलाय जोर,
पाणी शेंदावं तसं थेट खांद्यापासून यायला लागायचं.
बाकीची अक्षरं टक टक,
‘य’ मात्र ठाप्प.
परभणीला परीक्षेत चांगलं मशीन आलं
आणि माझ्या ‘य’नं कागदाला भोकं पाडली.
तरी पास.

पुढे ती मशीनं भंगारात गेली, किलोवर.
तहसीलमध्ये मला कॉम्प्युटर मिळाला.
अक्षरांच्या जागा तेवढ्या जुन्याच मागून घेतल्या.
विषय. यादी. कार्यालय. उपरोक्त विषयान्वये.
अर्जदारास न्याय मिळावा.
सगळा कारभार ‘य’वर चालतो
हे सरकारला अजून माहीत नाही.
आतापर्यंत चार कीबोर्ड झाले,
प्रत्येकाची तीच एक कळ आधी जाते.
नांदेडचा दुरुस्तीवाला विचारतो,
मॅडम, राग कुणावर आहे?

राग नाही रे बाबा.
नसलेल्या मशीनचा एक बिघाड आहे,
माझ्याकडे सांभाळायला राहिलेला.
मोडायचा प्रयत्न केला मी.
हलकेच मारलं तरी अक्षर उमटतं,
पण मग पुढचा शब्द आठवत नाही.

परवा सरांकडे गेले.
त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत.
सून म्हणाली, नाव सांगा, मोठ्यानं सांगा.
सांगितलं. सत्यशीला. सत्यशीला खिल्लारे, सर.
ते खिडकीतून बघत राहिले,
खाली कुणीतरी पोती मोजत होतं.
चहा आला, निवला.
बोलायला काही उरलं नाही तेव्हा
पलंगाच्या लोखंडी पट्टीवर
माझी बोटं आपसूक चालायला लागली.
काय लिहीत होते मलाही ठाऊक नाही,
बहुतेक सकाळचंच एखादं पत्र.
टक टक टक टक
ठाप्प
टक

मान न वळवता सर म्हणाले,
‘सात नंबर?’

आणि उशीजवळचा रुमाल उचलून
माझ्या हातांवर टाकला.